न निघालेली १२.३

अंबाजोगाईतल्या आमच्या अभ्यासिकेला २०२३च्या जुलैत नऊ जुने संगणक मिळाले. एका कार्यालयाने काढून टाकलेले. सात चौसष्ट बिटचे, चार जीबी रॅमचे. उरलेले दोन त्याहून जुने, बत्तीस बिटचे. आत विंडोज होतं, पण एकेक मशीन सुरू होईपर्यंत चहा होऊन कप विसळून व्हायचे. तलाठी भरतीची परीक्षा ऑगस्टात सुरू होणार होती आणि ती संगणकावर होती. केज, धारूर, परळी तालुक्यांतल्या गावांमधून आमच्याकडे येणाऱ्या पोरापोरींपैकी निम्म्यांनी तोवर माउस हातात धरला नव्हता. उत्तर येत असून माउस हलवण्यात वेळ गेला, हे आधीच्या एका परीक्षेहून आलेल्या दोन मुलींनी मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. ते मनात असल्यामुळे या नऊ मशिनी लवकर चालत्या करायच्याच, असं मी ठरवलं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. संगणकाचं रीतसर शिक्षण नाही. घरच्या लॅपटॉपवर २०२१पासून विंडोजऐवजी डेबियन लिनक्स ही सिस्टीम वापरते, एवढ्या भांडवलावर समितीने हे काम माझ्याकडे दिलं. सिस्टीम कुठली टाकायची यावर फार चर्चा झाली नाही. डेबियन फुकट आहे, जुन्या मशिनींवर चालतं, इन्स्टॉल करताना मराठी भाषा निवडता येते, आणि तेव्हा बत्तीस बिटच्या मशिनींसाठीही मिळत होतं. घोडं अडलं ते पुढे: डेबियनची नेमकी कुठली प्रत टाकायची?

डेबियन १२ त्याच वर्षी १० जूनला निघालं होतं. मी जुलैच्या पहिल्याच आठवड्यात १२.०ची डीव्हीडीएवढी आयएसओ फाइल, म्हणजे जिच्यावरून सिस्टीम इन्स्टॉल करतात ती प्रत, उतरवायला घेतली. साडेतीन जीबीहून मोठी. अभ्यासिकेत तेव्हा ब्रॉडबँड नव्हतं आणि माझ्या फोनला दिवसाला दीड जीबी डेटा. रात्री बारा वाजता नवा डेटा सुरू झाला की फाइल पुढे सरकवायची, संपला की थांबायचं. मध्ये लाइट गेली तर फोन चार्ज नाही. अशा तीन रात्री गेल्यावर फाइल पूर्ण झाली. बत्तीस बिटवाल्या दोघींसाठी छोटी नेटवरून भरणारी आयएसओ वेगळी उतरवली. सगळं हाताशी आलं, मशिनी पुसून, पंखे साफ करून झाले, आणि २२ जुलैला १२.१ निघाली.

तीन रात्रींची हळहळ वाटली. त्याच आठवड्यात पुण्याचा भाचा घरी आला होता. तो म्हणाला, “मावशी, बारा पॉइंट शून्य कशाला टाकतेस? महिनाभर शिळं झालं ते. माझ्याकडे अपडेटेड स्टेबल आहे, सगळं ताजं भरलेलं.” त्याने पेनड्राइव्ह काढून दिला. त्यावरची आयएसओ कुणीतरी हौसेने बनवलेली होती: मुळात डेबियनची स्थिर आवृत्ती, वर नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा), नवा ब्राउझर, व्हिडिओसाठी लागणारं सगळं आधीच घातलेलं. मी नऊ नंबरच्या मशीनवर ती टाकून पाहिली. छान चालली, खोटं कशाला बोलू. दिसायलाही देखणी होती. मुलांनी लगेच तेच मशीन पकडलं.

पण अनधिकृत या शब्दाशी माझी जुनी ओळख होती. २०२१मध्ये डेबियन ११ घरी टाकताना अधिकृत आयएसओला माझं वायफायच सापडलं नव्हतं. वायफायला लागणारं फर्मवेअर, म्हणजे त्या हार्डवेअरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम, मुक्त नसतं म्हणून तेव्हा ते अधिकृत फाइलमध्ये घालत नसत. फर्मवेअरसकटची वेगळी आयएसओ डेबियनचेच लोक बनवायचे, पण तिच्यावर ‘अनधिकृत’ असं स्पष्ट लिहिलेलं. दोन दिवस मी ती घ्यायला कचरत होते. मग कळलं की तीही त्यांच्याच सर्व्हरवर आहे, तिचेही चेकसम तिथे आहेत. घेतली, काहीही बिघडलं नाही. पुढे २०२२च्या ऑक्टोबरात डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून नियम बदलला आणि १२पासून फर्मवेअर अधिकृत फाइलमध्येच यायला लागलं. त्यामुळे नुसत्या शिक्क्याला मी घाबरत नव्हते. मला बघायचं होतं की ही नवी फाइल कुठून आली, कुणी सही केली आणि उद्या तिला कोण सांभाळणार.

चेकसम म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक अक्षरभर भाग बदलला तरी ठसा बदलतो. डेबियनच्या प्रत्येक आयएसओबरोबर ठशांची यादी असते आणि त्या यादीवर डिजिटल सही असते. माझी १२.० मी दोन्हींशी ताडून पाहिली, जुळली. तीन रात्रींत तुटत तुटत आलेल्या फाइलसाठी हे बघणं मला अगदी गरजेचं वाटतं. भाच्याच्या फाइलला यातलं काहीच नव्हतं. मग मी नऊ नंबरवर पॅकेजं, म्हणजे सिस्टीमचे सुटे सुटे प्रोग्राम, कुठून येतात ती यादी उघडली. डेबियनच्या पत्त्यांखाली आणखी एक पत्ता होता, आणि कर्नल तिथून येत होता. त्या पत्त्यावर शेवटची भर पाच आठवड्यांपूर्वीची होती. म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या डेबियनकडे येऊन पोचल्या तरी या मशीनला त्या मिळणार नव्हत्या. ज्याने फाइल बनवली त्याला वेळ मिळेल तेव्हा मिळणार. त्या माणसाला मी दोष देत नाही. एकट्याने, फुकटात, स्वतःच्या हौसेने केलेलं काम होतं ते. पण आमच्या मुली या मशिनींवर भरतीचे फॉर्म भरणार, आधारचे क्रमांक टाकणार. अशा खोलीत मला एका माणसाच्या सवडीवर अवलंबून राहायचं नव्हतं. नऊ नंबर मी परत पुसलं. मुलं दोन दिवस नाराज होती.

१२.०ची फाइल वाया गेली का, याचं उत्तर मला १२.१च्या घोषणेतच मिळालं. डेबियनच्या अशा प्रत्येक घोषणेत एक वाक्य असतं: जुनी माध्यमं फेकून देण्याची गरज नाही. १२.१ ही नवी सिस्टीम नसते. जूनपासून जेवढ्या सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या झाल्या, त्या एकत्र करून भरलेली तीच १२ असते. ज्याने १२.० टाकून अपडेट केलं, त्याच्याकडे आपोआप १२.१ असते. दर दोनेक महिन्यांनी अशी भरलेली प्रत निघते. तिचा फायदा नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याला, कारण नंतर कमी उतरवावं लागतं. मी हिशेब घातला. पुन्हा तीन रात्री साडेतीन जीबी आणायचं, की आहे ती टाकून फक्त बदललेली पॅकेजं आणायची? दुसरं स्वस्त होतं, पण नऊ मशिनींनी तीच पॅकेजं नऊ वेळा उतरवली तर तेही महाग. त्यावर उपाय ॲप्ट-कॅशर-एनजी नावाचा एक छोटा प्रोग्राम. एक नंबरच्या मशीनवर तो बसवला. कुठल्याही मशीनने पॅकेज मागितलं की एक नंबर ते नेटवरून एकदाच आणतं, साठवतं, आणि बाकीच्यांना खोलीतल्या वायरीवरून देतं. दोन दिवसांत नऊही मशिनी १२.१वर आल्या. ज्यांच्याकडे दहाबारा जुने संगणक आणि तुटका डेटा आहे, त्यांनी सगळ्यात आधी हे करावं, असं मी कळकळीने सांगेन.

याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी, आता नांदेडला अभियांत्रिकीला असलेला, अभ्यासिकेत आला. तो फ्रीबीएसडी नावाची दुसरी एक सिस्टीम वापरतो. मी त्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं की आम्ही स्टेबल टाकलं. तो म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे स्टेबल म्हणजे वेगळंच.” फ्रीबीएसडीत ज्याला रिलीज म्हणतात ती सगळ्यांसाठीची तपासलेली प्रत. स्टेबल ही विकासाची शाखा. पुढची रिलीज तिच्यातून निघते, आणि तिच्या ताज्या प्रती नियमित बनवून ठेवलेल्या असतात. तिथे स्टेबल या शब्दाने एवढंच वचन दिलेलं असतं की जुने प्रोग्राम नव्या प्रतीवर चालत राहतील. म्हणजे डेबियनचं नाव ऐकून कुणी सर्व्हरवर फ्रीबीएसडी स्टेबल टाकलं, तर त्याला हवं त्याच्या उलट मिळेल. डेबियनच्या स्टेबलमध्येही ‘निर्दोष’ असं कुणी म्हटलेलं नाही. आपल्याकडे स्थिर म्हटलं की लोकांना भरवशाचं वाटतं. मला आता त्याचा अर्थ न हलणारं असा कळतो. जी आवृत्ती गोठवली, ती दोनतीन वर्षं तशीच. फक्त दुरुस्त्या होत राहणार. याला मोठा अपवाद फायरफॉक्सचा. १२ निघताना त्यात १०२ होता, नंतर ११५ आला, कारण जुन्या ब्राउझरच्या दुरुस्त्या मूळ बनवणाऱ्यांकडूनच थांबतात. “डेबियनचं सगळं जुनं असतं” म्हणणाऱ्या भाच्याला मी हे आवर्जून दाखवलं. फॉर्मच्या वेबसाइटला जो ब्राउझर लागतो, तो आमच्याकडे होता.

तलाठी भरती झाली. मुलं सरावाची झाली. ऑक्टोबरात १२.२ आली, आमच्या मशिनींनी ती नेहमीच्या अपडेटमध्ये घेतली. दिवाळीच्या आत ब्रॉडबँड आलं आणि मी सगळ्या मशिनींवर आपोआप अपडेट सुरू करून टाकलं. सगळ्यात नवं तेच सगळ्यात सुरक्षित, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

आता ९ डिसेंबरची गोष्ट. शनिवार होता, मी बारशाला परळीला गेले होते. संध्याकाळी जेवणं झाल्यावर फोन उघडला तर डेबियनची सूचना दिसली. त्या दिवशी १२.३ निघायची होती. पॅकेजं सर्व्हरवर पोचलीही होती, पण आयएसओ बनवणं थांबवलं होतं. कर्नल ६.१.६४मध्ये ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवर, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीवर, माहिती खराब करणारी चूक सापडली होती. आत्ता कुठलीही सिस्टीम अपडेट करू नका, आणि आपोआप अपडेट लावलेल्यांनी विशेष सांभाळा, असं लिहिलेलं होतं.

आमच्या नऊच्या नऊ डिस्क ईएक्सटी४. नऊच्या नऊ मशिनींवर आपोआप अपडेट, आणि ते मीच लावलेलं. डेबियनमध्ये हे काम सकाळी सहाच्या सुमाराला ठरलेलं असतं. मशीन तेव्हा बंद असेल तर नंतर सुरू केल्या केल्या होतं. शनिवारी सकाळचं काम होऊन गेलं होतं, पॅकेजं त्यानंतर आलेली. म्हणजे आज बहुतेक वाचलो. पण रविवारी अभ्यासिका उघडणाऱ्या मामांनी मशिनी लावल्या की त्या नवा कर्नल ओढून घेणार, आणि एकदा बंद करून चालू केल्या की तोच चालणार.

डोळ्यासमोर पहिल्यांदा चार नंबरचं मशीन आलं. धारूरकडची एक मुलगी पोलीस भरतीच्या तयारीला यायची. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले, ती इथे आजीजवळ. फोन आजीचा, साधा. चार महिने ती रोज तासभर मराठीत नोट्स टाइप करत होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सनावळ्या, समाजसुधारक, नद्या, धरणं. सगळं त्या एका डिस्कवर. तिला मी कधी पेनड्राइव्हवर दुसरी प्रत काढायला लावलं नव्हतं, ही चूक माझी.

मामांना फोन लावला. “मॅडम, कुलूपच लावायलो होतो बघा,” ते म्हणाले. मी म्हटलं, कुलूप थांबवा, आधी राउटरची पिन काढा. “राउटर म्हंजे ते हिरवे दिवे लुकलुकतात तेच का?” तेच. “काढली. आन सकाळी?” सकाळी मी येईस्तोवर एकही मशीन लावायचं नाही. मामांनी कारण विचारलं नाही. नंतर कळलं की त्यांनी त्या रात्री पिन काढून ती दोऱ्याने खिडकीच्या गजाला बांधून ठेवली होती, कुणी चुकून लावू नये म्हणून.

रविवारी पहिल्या एसटीने परत आले. राउटर बंदच ठेवून एकेक मशीन सुरू केलं आणि कर्नलची आवृत्ती पाहिली. डेबियन आपल्या कर्नलच्या नावाच्या शेवटी स्वतःचा क्रमांक लावतं; १२.२बरोबर आलेल्या ६.१.५५चा क्रमांक १३, आणि बिघडलेल्या ६.१.६४चा १४. एक नंबर: १३. दोन: १३. चार नंबरला हात थरथरत होता. १३. नऊपर्यंत सगळीकडे १३. आधी चार नंबरच्या नोट्स दोन पेनड्राइव्हवर काढल्या, मग बाकीच्यांच्या फाइली. दुपारी ती मुलगी आली तेव्हा एक पेनड्राइव्ह तिच्या हातात दिला.

चूक कशी झाली हे मी पुढच्या काही दिवसांत वाचत गेले, कारण मला ते समजून घ्यायचं होतं. ६.१ ही कर्नलची लांब काळ सांभाळली जाणारी मालिका. नव्या कर्नलमध्ये झालेल्या दुरुस्त्या मागे आणून तिच्यात बसवतात. ईएक्सटी४वर थेट लिहिण्याच्या एका पद्धतीसंबंधीची दुरुस्ती अशीच मागे आणली गेली. पण ती ज्या आधीच्या बदलावर उभी होती, तो बदल ६.१मध्ये नव्हता. त्यामुळे काही वेळा फाइलमध्ये कुठवर लिहिलं ही खूण चुकायची आणि पुढची माहिती भलत्या जागी पडायची. मामांना मी असं सांगितलं: दुसऱ्याच्या विहिरीवरची चांगली मोटर काढून आपल्या विहिरीवर आणली, पण तिचा फुटव्हॉल्व्ह तिकडेच राहिला. त्यांना लगेच पटलं. खरं सांगायचं तर थेट लिहिण्याची ती पद्धत डेटाबेससारखे प्रोग्राम वापरतात. साध्या नोट्सना बहुधा काही झालं नसतं. त्या रात्री परळीत मला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी पिन काढायलाच लावली असती.

१२.३च्या आयएसओ कधी निघाल्याच नाहीत. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, ६.१.६६ घेऊन थेट १२.४ आली. एका दिवसात, तेही शनिवार-रविवारी, जगभर पसरलेल्या स्वयंसेवकांनी हे निस्तरलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. चूक लपवली नाही, सगळ्यांना थांबायला सांगितलं, आकडा सोडून दिला. तरी मी रविवारी १२.४ घेतली नाही. सगळ्या मशिनींवर कर्नल जागच्या जागी थोपवून ठेवला, मगच राउटर लावला. थांबले ते बरं झालं, कारण ६.१.६६मध्ये वायफायची एक अडचण निघाली आणि काही दिवसांत ६.१.६७ आला. तो आधी नऊ नंबरवर घेतला. मशीन रोज चारपाच वेळा बंद-चालू केलं, प्रिंट काढल्या, मोठ्या फाइली इकडून तिकडे केल्या. पाच दिवसांनी बाकीच्या आठांवर.

तेव्हापासून अभ्यासिकेची रीत बदलली. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतात, त्यात मी दिरंगाई करत नाही. ब्राउझरमधलं भोक आठवडाभर उघडं ठेवणं मला मान्य नाही. पण दोन महिन्यांनी येणारा मोठा गठ्ठा आपोआप येत नाही. तो पहिल्यांदा नऊ नंबरवर, आठवडाभराने इतरांवर. आणि नवं मशीन भरायचं असेल तर सगळ्यात ताजी अधिकृत आयएसओ, निघून आठवडा झालेली. दर शनिवारी नोट्सची दुसरी प्रत काढायचं काम त्या धारूरच्या मुलीनेच स्वतःकडे घेतलं.

अधिकृत प्रत प्रत्येक वेळी पुरते असंही नाही. २०२४मध्ये एका माजी विद्यार्थ्याने नवा कोरा लॅपटॉप दिला. १२च्या आयएसओला त्याचं वायफाय ओळखूच येईना, ६.१ कर्नल त्या हार्डवेअरपेक्षा जुना. भाच्याने परत पेनड्राइव्हची आठवण काढली. मी फोन यूएसबी वायरीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं, चालू केलं. इन्स्टॉलरला ते साधं वायरीचं नेटवर्क वाटतं. सिस्टीम टाकली आणि डेबियनच्याच बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्थिर आवृत्तीसाठी नवी पॅकेजं वेगळी ठेवलेली असतात तिथून, नवा कर्नल घेतला. बाकी सगळं स्थिर, फक्त कर्नल नवा, आणि तोही त्याच लोकांकडून, त्याच सहीने आलेला. भाच्यालाही ते आवडलं; आता तो स्वतःच्या लॅपटॉपवर तसंच करतो.

डेबियन १३ निघालं ते २०२५च्या ९ ऑगस्टला. ६ सप्टेंबरला १३.१ आणि १२.१२ एकाच दिवशी आल्या. मी १३.१साठी थांबले, नऊ नंबर वर नेलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत बाकीच्या सहा चौसष्ट बिटच्या. ऑक्टोबरात विंडोज १०चा नेहमीचा आधार संपल्यामुळे आणखी चार मशिनी आम्हाला मिळाल्या. त्यांच्यावर थेट १३.१च टाकली.

बत्तीस बिटच्या दोघींसाठी १३चा इन्स्टॉलर नाही आणि कर्नलही नाही. त्या १२वरच आहेत, दोन आणि सात नंबर. १२ला डेबियनच्या सुरक्षा गटाकडून नेहमीच्या दुरुस्त्या जून २०२६पर्यंत आहेत. त्यांच्या पडद्यांच्या कडेला मी तो महिना लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या. मामांनी वरून सेलोटेप लावली आणि विचारलं, “मग पुढं ह्यांचं काय?” त्या दोघींवरून फॉर्म भरणं आम्ही आत्ताच बंद केलंय. मराठी टायपिंग शिकणारी लहान मुलं त्यांच्यावर बसतात, आणि त्यांना नेट लागत नाही. जूनमध्ये त्यांची वायर काढायची, असं मी मामांना सांगितलं आहे.